दोन बोलींचा तितर

"पकडायचं आसंल तर आत्ताच सांग पोरी, म्हंजी मी इळा खाली ठिवून तालीवर आडवी पडते. मला वलांडून जावं लागंल तुला."

"पकडत नाही हो मावशी. नुसता आवाज घ्यायचाय त्याचा."

"आवाज घिऊन काय लोनचं घालतीस? येवढं शिकून तितरामागं हिंडाया लागलीस. आयबापाला तरी म्हाईत हाय का?"

"आईला माहीत आहे. वडलांना कॉलेजात शिकवते एवढंच सांगितलंय."

यावर भागूआक्का हसली, पण तालीवरनं हलली नाही. विळा मांडीवर आडवा धरून तशीच बसून राहिली. समोर तालीच्या दगडी बांधापलीकडं कमरेइतकं गवत उभं होतं, वर दव होतं. गवताच्या मध्यावर मुरमाचा एक उंचवटा आणि त्यावर एक खुरटं हिवराचं झाड.

"आन् खरं सांगू का," जरा वेळानं ती म्हणाली, "त्यो तितर न्हाईच. आमचा रवी हाय त्यो. माझा ल्योक."

दीपा नावाची ती पोरगी संगमनेरच्या कॉलेजातली. माळावरच्या पाखरांचा अभ्यास करायची, उन्हाळ्यापासून या बाजूला येत-जात होती. पायात बूट, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण. हातातलं आवाजाचं खोकं तिनं हळूच खाली ठेवलं आणि तीही आक्काच्या शेजारी तालीवर टेकली. काही बोलली नाही. बरं झालं बोलली नाही, नाहीतर आक्कानं तिला तिथनंच मिरजगावच्या गाडीला लावली असती.

कर्जत तालुक्यात मिरजगावच्या पुढं सीना नदीच्या अंगाला ही वाडी. भागूआक्का म्हणजे पुंजारामची बायको. नाव भागिरथी, पण त्या नावानं तिला रेशनच्या दुकानात तेवढी हाक पडते. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं दणकट, आणि चालताना मान अशी ताठ की डोक्यावर भारा असावा. बहुतेक वेळा असायचाच. गोठ्यात दोन जरशी गाया, त्यांच्या पोटासाठी रोज उजाडायला ती विळा घेऊन निघणार आणि ऊन तापायच्या आत भारा घेऊन घरी येणार. तोंडानं फटकळ. कुणाची भीड धरली असं कधी झालं नाही, आणि कुणाच्या मयताला गेली नाही असंही कधी झालं नाही.

पण या पडीक रानाच्या, पडकाच्या मध्यावर तिनं गेली तीन वर्षं विळा घातला नव्हता. कडेकडेचं कापायची. मधलं गवत उभं राहायचं, वाळायचं, कुसळं होऊन मातीत जायचं. गाया वैरणीला हंबरतात आणि आक्का उभं गवत वाळवती, असं लोक म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांना कारण ठाऊक होतं.

रविराज तिचा एकुलता एक. आषाढात बोअरच्या मोटरीला हात लावला आणि तिथंच गेला. पावसाळी दिवस, ओली माती, पायात चप्पल नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको पूजा, श्रीगोंद्याच्या बाजूची, तेव्हा नुकती विशीत आली होती.

दहावा सीनेच्या घाटावर झाला. पिंड ठेवला, सगळे मागं सरले, आणि कावळा शिवेना. बाभळीवर तीन-चार बसले होते. एक खाली उतरला, पिंडापाशी चार पावलं टाकली आणि परत वर जाऊन बसला. मग जसं करतात तसं सुरू झालं. कुणी हात जोडून म्हणालं, तुझ्या बापाला अंतर देणार नाही. पुंजाराम म्हणाला, तुझी गाडी विकणार नाही. चुलता काहीतरी बोलला, दोस्त काहीतरी बोलले. कावळे आपले दुसरीकडं बघत होते. ऊन चढलं. माणसं कंटाळून घड्याळाकडं बघायला लागली. भटजींनी दर्भ उचलला आणि कावळ्याचा आकार वळायला घेतला. कावळा आलाच नाही की दर्भाच्या कावळ्यानं भागवतात.

आपलं पोरगं गवताच्या कावळ्यावर बोळवायचं, हे आक्काच्यानं बघवलं नाही. बायांच्या घोळक्यातनं ती पुढं आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"रवी, पूजा ह्या घरातनं जानार न्हाई. तुझी म्हनून र्‍हाईल. आता तरी शिव."

आणि घाटाच्या वरच्या अंगानं, त्यांच्याच पडकातनं, एक आवाज आला.

आता तितराचा आवाज या बाजूच्या माणसाला नवा नाही. साधा तितर पहाटंपासून तितर-तितर, तितर-तितर असा कोकलत असतो, बोरीच्या जाळीतनं, उसाच्या सरीतनं, कुठनंही. दुसरा ठिपक्यांचा, त्याला गावात काळा तितर म्हणतात. तो पावसाळ्यातच बोलणार, दगडावर नाहीतर झुडपावर चढून, घोगरा, तुटक, सुकं लाकूड घासल्यासारखा. दोन्ही आवाज जन्मापासूनचे. पण घाटावर त्या दिवशी जो आला तो दोन्हींतला नव्हता. सुरुवात घोगरी, काळ्याची, आणि शेवट तितर-तितर. असा कुणी ऐकलेला नव्हता. माना वळल्या. तेवढ्यात बाभळीवरचा कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"बोलला," कुणीतरी मागनं म्हणालं. कोण म्हणालं ते आता कुणालाच आठवत नाही. पण शब्द पडला तो पडलाच.

पूजा तिथंच होती, डोक्यावर पदर घेऊन. तिनंही ऐकलं.

तेव्हापासनं आक्काचा नेम झाला. सकाळी तालीपाशी कापायला बसायची. पडकातनं तो बोलला की विळा थांबवायची, मान वर करायची आणि म्हणायची, "व्हय रं बाबा. हाय ती घरात." मग पुन्हा कापायला लागायची. तो बोलला की व्हय, बोलला की व्हय. घर काही लांब नाही, पडकाच्या खालच्या बांधाला गोठा आणि गोठ्याला लागून घर. गोठ्यात पूजा धार काढत असायची.

सासू वाईट होती असं कुणी म्हणणार नाही. टिकली लावायला तिला आक्कानंच सांगितलं. एका पाहुणीनं हळदीकुंकवाला पूजाकडं बघून तोंड वाकडं केलं, तिला आक्कानं उंबऱ्यातनं परत लावलं. बाजारातनं येताना हिरव्या बांगड्या आणायची. रात्री डोकं दुखतंय म्हणून पूजा निजली तर स्वतः भाकऱ्या थापायची. लेक नव्हती तिला, लेकीसारखी ठेवली. दार तेवढं लावून घेतलं होतं.

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीला पूजाचा भाऊ हर्षल एक स्थळ घेऊन आला. चेतन नाव. संगमनेरला दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. एक पाय जरा आखूड, म्हणून लग्न लांबलेलं. पोरगा सरळ होता. घरात यायच्या आधी गोठ्यात डोकावला, गाईची कास सुजलेली दिसली तर पुंजारामला म्हणाला, मामा, ही दुखतीया, हिची धार शेवटाला काढत जा. चहा प्यायला, बशी स्वतः उचलून मोरीवर ठेवली. पूजा आत दाराआड उभी होती. दाराच्या फटीतनं तिच्या बांगड्या दिसत होत्या, हलत नव्हत्या.

आक्का म्हणाली, मी शब्द दिलाय.

हर्षल चिडला. म्हणाला, "शब्द तुमी दिला आत्या, आन् भरतीया पूजा."

पुंजाराम काहीतरी बोलणार होता. एका कानानं त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं तो बोलायच्या आधी सगळ्यांच्या तोंडाकडं बघून घेतो. त्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि गप्प बसला. चेतन उठताना एवढंच म्हणाला की मला घाई नाही. मग गाडीवर टांग टाकून दोघं गेले. पूजानं बशा धुतल्या.

त्यानंतर हर्षल पुन्हा दोनदा येऊन गेला, एकटाच. मग यायचा थांबला.

हे सगळं आक्कानं दीपाला तालीवर बसून सांगितलं, मधूनमधून गवताची काडी दातांत धरून, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. आणि सांगता सांगता पडकातनं तो बोलला. आक्काचं तोंड उघडलं, पण परक्या पोरीपुढं तिला लाज वाटली असावी. नुसती मान हलवली.

"तुम्ही त्याला बघितलंय कधी?" दीपानं विचारलं.

बघितला नव्हता. तीन वर्षं नुसता ऐकला होता. गवतात पाऊल घालायचं नाही असं तिनंच ठरवलेलं. गवताच्या कडेला ज्वारीचे दाणे आणि खापरीत पाणी ठेवायची, तेही लांबनं हात करून.

"दाखवू?"

आक्कानं दातांतली काडी थुंकली. मग विळा खाली ठेवला.

दीपानं खोकं तालीच्या पलीकडं ठेवलं आणि बटण दाबलं. खोक्यातनं साध्या तितराच्या मादीचा आवाज यायला लागला, बारीक, टीऽ टीऽ. दोघी तालीआड बसल्या. थोडा वेळ काही नाही. मग गवताचे शेंडे एका रेघेत हलले आणि तो बाहेर आला.

केवढासा. आक्काला वाटलं होतं मोठा असेल. साध्या तितराएवढाच होता. गळा तांबूस, पण तितराच्या गळ्याभोवती जी काळी रेघ असते ती अर्धीच, ओल्या बोटानं पुसल्यासारखी. छातीवर वर पट्टे आणि खाली काळ्याचे पांढरे ठिपके. गळा फुगवून, पंख खाली सोडून तो खोक्यापाशी आला. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. खोक्याभोवती फिरला. बोलला. खोकं टीऽ टीऽ करत होतं. पुन्हा फिरला, चोच खोक्याच्या जाळीला लावली, मान वाकडी करून आत बघितलं.

दीपानं आवाज बदलला. आता काळ्याच्या मादीचा. तो जरा दचकला, दोन पावलं मागं गेला, आणि पुन्हा तसाच गळा फुगवून आला. पुन्हा फेरे. पलीकडं बोरीत साध्या तितरांची एक जोडी बोलत होती. हा मध्येच त्यांच्याकडं तोंड करून बोलला. जोडी गप्प झाली. मग जरा वेळानं ती आपसात पुन्हा सुरू झाली, याला सोडून.

"बघितलंत? दोघींच्याही आवाजाला येतो," दीपा कुजबुजली. "याच्या आईबापांतला एक साधा असावा, एक काळा. संकर. मला तरी तसं वाटतंय, नक्की सांगायला एखादं पीस तपासावं लागेल. फार क्वचित होतं असं."

"म्हंजी जरशीवानी?"

"तसंच. फक्त हे कुणी डॉक्टर आणून केलेलं नाही. आपलं आपण झालंय. काळ्या तितराला गवत लागतं, आणि कॅनॉल आल्यापासून खालचे माळ सगळे उसाखाली गेले. थोडेच उरलेत. त्यातल्या एखाद्याला आपली जोडी मिळाली नसेल, मग शेजारची धरली."

"आन् ह्याचं?"

"याचं अवघड आहे मावशी. मी उन्हाळ्यापासून बघतेय. हा बोलतो ते साध्या मादीला अर्धं आपलं वाटतं, काळ्या मादीलाही अर्धंच. एक मादी एकदा जवळ आली होती. ऐकलं आणि निघून गेली."

"मंग रोज वरडतो कशापायी?"

"जोडीसाठीच. दुसरं काय मागणार?"

तालीवर एक मुंगळा चालला होता. आक्का त्याच्याकडं बघत राहिली. तितर खोक्याभोवती अजून फिरतच होता. जाळीला चोच लावायचा, थांबायचा, ऐकायचा.

"म्हंजी तीन वर्सं त्यो बायको मागतोय," आक्का म्हणाली. "आन् मी त्याला म्हनतीया, हाय घरात."

 चुकून दीपाचा हात आक्काच्या हातावर गेला. आक्कानं तो बाजूला केला, रागानं नाही, नुसता बाजूला केला.

"ते खोकं बंद कर बाई. त्याला वाटतंय आत कोन हाय."

खोकं बंद झालं. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग जसा आला तसा गवतात गेला.

आक्का त्या दिवशी अर्धाच भारा घेऊन घरी आली. पूजा गोठ्यात शेण भरत होती. आत्या, आज एवढंच? असं तिनं विचारलं. आक्का काही न बोलता गाईच्या पलीकडं गेली, गाईच्या कुशीला डोकं लावून उभी राहिली आणि रडायला लागली. गाईनं एकदा वळून बघितलं आणि रवंथ चालू ठेवला. रवी गेला तेव्हा ही बाई रडली नव्हती. दहाव्यालाही नाही, वर्षश्राद्धालाही नाही. पोरगं माळावर आहे, रोज बोलतंय, मग रडायचं कशाला, असा तिचा हिशेब. आता पोरगं नव्हतं. घरात कुणाला न सांगता ते दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी दहाव्याला जमणारं कुणी नव्हतं.

पूजा शेणाचे हात तसेच घेऊन उभी राहिली. जवळ जावं की नाही, तिला कळेना.

जेवताना आक्कानं नवऱ्याला सांगितलं, त्याच्या चांगल्या कानाशी. "त्यो रवी न्हाई. दोन जातीच्या तितरांचं प्वार हाय त्ये."

पुंजारामनं भाकरी मोडली. "मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. "रवी येवढ्या येळा बोलला आसता व्हय? जित्ता आसताना एका हाकंला कवा ओ दिली न्हाई त्यानं."

"मंग बोलला का न्हाई तुमी?"

"तुला सकाळचं कायतरी ऐकू येत हुतं," तो म्हणाला. "मला तर त्येवढं बी न्हाई."

भाद्रपदात पित्रं आली. रवीच्या तिथीला आक्कानं भात शिजवला, ताट वाढलं, आणि पत्र्यावर घास टाकायचा सोडून भाताचा मुटका पानावर घेऊन घाटाकडं निघाली. पुंजाराम मागनं काठी टेकत आला. पित्राच्या पंधरवड्यात कावळ्यांची चंगळ असते. पोटं भरलेली, एका घासाला दहा घरं. घाटावर बाभळीवर एकच होता, तोही पिसं साफ करत बसलेला.

दहाव्याला पिंड ठेवला होता त्याच दगडावर आक्कानं मुटका ठेवला. हात जोडले नाहीत.

"रवी, मी तवा बोलले ते मागं घेते. तवा बी तुला इचारून बोलले नव्हते. आता बी इचारत न्हाई. पूजाला सोडली मी."

एवढं बोलून वळली आणि चालायला लागली. पुंजाराम तिथंच उभा राहिला, कावळ्याकडं बघत. नवरा थांबणार, कावळा शिवतोय का बघणार आणि येऊन सांगणार, हे तिला ठाऊक होतं. चार पावलांवरनं तिनं मागं न बघता ओरडून सांगितलं, "मला सांगू नका. शिवला तरी न्हाई आन् न्हाई शिवला तरी न्हाई."

त्यानं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर तिनं पूजाला हाक मारली. पूजा गाईपुढं पेंड कालवत होती. आक्का म्हणाली, हर्षलला फोन लाव. म्हणावं, ये. त्या टँकरवाल्या चेतनला घेऊन ये. मी काही आडवी येणार नाही. मी सगळं करून देते, दारात मांडव घालून देते.

पूजाचा हात पेंडीतच राहिला.

"आत्या, त्याचं झालं."

"काय झालं?"

"लगीन. मार्गशीर्षात. राहुरीची हाय पोरगी."

आक्का गव्हाणीच्या कडेला टेकली. पूजानं पेंडीत पाणी ओतलं, पुन्हा कालवायला लागली. थोड्या वेळानं आक्कानं विचारलं की त्यानं किती थांबायचं होतं. म्हणजे असं विचारलं नाही, तो थांबला होता ना, एवढंच विचारलं. पूजा म्हणाली, थांबला होता. वर्षभर थांबला. हर्षलला फोन करायचा. मग त्याची आई आजारी पडली, घरात बाई नाही, मग केलं त्यानं. त्याचं काही चुकलं नाही.

"आन् तुला सगळं म्हाईत हुतं."

"व्हय."

"मला का न्हाई बोललीस गं? येकदा तरी बोलायचंस. मी काय वाघ हाय का?"

पूजानं घमेलं गाईपुढं सरकवलं. हात धुतले. पदराला पुसले. मग सासूकडं बघून बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर आक्काला बरं वाटलं असतं.

"तुमी रोज सकाळी त्याला व्हय म्हनत हुता, आत्या. मी हितं धार काढताना ऐकत हुते. त्यात मी काय बोलनार?"

गाय पेंड खात होती. घमेलं दगडावर वाजत होतं. आक्का उठली आणि खाली सांडलेली पेंड हातानं गोळा करायला लागली. 

तरी तिनं हर्षलला बोलावलंच. पूजा आधी नको म्हणाली. म्हणाली, आता कुठं जाऊ, कुणाकडं जाऊ, गाया कोण काढील. आक्का म्हणाली, मला दोन हात आहेत आणि तुझ्या मामाला दोन, त्याचा कान गेलाय, हात नाहीत. श्रीगोंद्यात भावाकडं राहा, नर्सचं शिक, शिवण शिक, काही शीक. कुणी भेटलं तर बघ, नाही भेटलं तर नको बघू. पण इथं नाही. इथं राहून तू माझ्यासारखी होशील, उद्या तूही त्याला व्हय म्हणायला लागशील. यावर पूजा पहिल्यांदा रडली.

घट उठल्यावर हर्षल मोटारसायकल घेऊन आला. एक बॅग, एक ज्वारीचं गठुडं, तुपाची बरणी. पूजा पाया पडली. आक्कानं तिला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरायला घेतली, खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. शेजारची बनुबाई दारात उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आगं भागू, वटी? तिची?"

"तुला बघवत नसंल तर डोळं मीट," आक्का म्हणाली आणि तिनं पूजाच्या कपाळाला कुंकू लावलं.

बनुबाईनं डोळे मिटले नाहीत. ती आत आली आणि पूजाच्या पदरात तिनंही मूठभर तांदूळ टाकले.

गाडी सुरू झाली. पूजानं वळून बघितलं ते सासूकडं नाही, गोठ्याकडं. मग गाडी बांधाच्या वळणाला गेली, उसाआड झाली, आवाज तेवढा थोडा वेळ येत राहिला. पुंजाराम बाजेवर बसला होता. त्याला तोही आला नसेल. त्यानं विचारलं, "गेली का?" आक्कानं मान हलवली.

मग ती आत गेली, कोनाड्यातला विळा घेतला, दोरी खांद्यावर टाकली.

ऊन चढलं होतं, ही काही कापायची वेळ नव्हती. पण सकाळी ओटीच्या गडबडीत गायांना काही पडलं नव्हतं आणि दोघी हंबरत होत्या. ती पडकाच्या तालीवर आली. कडेचं सगळं कापून झालेलं. मधलं उभं होतं, आश्विनाचं, पिवळं पडलेलं, कुसळं धरलेलं. आणखी दहा-पंधरा दिवसांत गुरांच्या कामाचं राहिलं नसतं.

ती ताल उतरली आणि आत शिरली. तीन वर्षांत पहिल्यांदा. कुसळं लुगड्याला चिकटली. उंचवट्याच्या भोवतीचं गवत तिनं राखलं, बैलगाडी बसेल एवढं, आणि त्याच्या अलीकडनं खाली बसून कापायला सुरुवात केली.

हिवरीखालनं तो बोलला. घोगरं, तुटक, आणि शेवटाला तितर-तितर.

हात थांबला. तोंड उघडलं. जुनी सवय. आक्का तशीच मूठ धरून बसली. तो पुन्हा बोलला, पुन्हा, आणि मग ऐकत असल्यासारखा गप्प झाला. बोरीतली जोडी बोलत होती. उसात कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती.

तिनं तोंड मिटलं. मूठभर गवत आवळून धरलं, विळा लावला आणि ओढला. मग दुसरी मूठ. खाली गोठ्यात गाई हंबरत होत्या, आणि संध्याकाळची धार आता तिलाच काढायची होती.